पालथी टर्की

माझं नाव हिराजी, गाव पेणजवळ खाडीच्या काठाला, बाप मिठागरावर कामाला, त्यामुळं पाण्यात मीठ किती ते मी थेंब चाखून सांगतो, आणि काय सांगू तुम्हाला ताई, सौदीतल्या राबिघच्या या कॅम्पात चौदा वर्षं काढली तवा ती विद्या कामाला आली, ती पण एका टर्कीच्या पायी. हसू नका, लिहून घ्या.

थंडीत आमच्याकडं पोपटी लावतात, तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला सांगायला पायजे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा-मीठ लावलेली कोंबडी, परत पाला, आणि मडकं पालथं घालून भोवती आग. पाणी नाय, तेल नाय, तरी कोंबडी अशी मऊ की हाड हातात येतं, मांस तिथंच राहतं. रसाला बाहेर जायला वाटच नाय ना. बाप बोलायचा, घाई करून मडकं उघडलंस तर हात तोडीन.

तर इथं दोन मेस. एक ऑफिसरांची, एक लेबरची, मी लेबर मेसचा कुक, वेल्डर, फिटर, रिगर सगळे माझ्या हातचं खातात. डिसेंबरात गोऱ्या इंजिनियरांचं सुट्टीचं मोठं जेवण असतं, बायकापोरं येतात, त्याला पहिल्या वर्षी मला मदतीला तिकडं धाडलं. टेबलावर चार मोठाल्या कोंबड्या. मला कोण काय सांगतंय, मी सुरा घेतला आणि दोघींचे रश्श्याचे तुकडे पाडले, चांगले बारीक, कलेजी वेगळी. शेफ आला तो डोक्याला हात लावून खालीच बसला. टर्क्या होत्या त्या, अख्ख्या भाजून टेबलावर न्यायच्या होत्या. तेव्हापासून मॅनेजर सक्सेनासाहेब मला बघितलं की बोलणार, आओ रस्सावाले. चौदा वर्षं, ताई. आणि दर वर्षी दुसऱ्या दिवशी त्यांच्या टर्कीची हाडं एका मोठ्या पातेल्यात घालून आमच्या मेसला यायची, लेबर के लिए सूप बना दो. मी बनवायचो, पोरं प्यायची, पण मला राग यायचा, अजून येतो. उन्हात प्लांटवर चढतात ती हीच माणसं ना, मंग त्यांच्या वाट्याला दुसऱ्यानं चोखलेलं का?

गेल्या डिसेंबरात शेफची आई आजारी पडली, तो गावी गेला, जेवणाला राहिले पाच दिवस. सक्सेनासाहेब आले, हिराजी, टर्की भून लेगा? मी बोललो भाजतो, पण कोल्ड स्टोअरमधून पाच काढा, चार तुमच्या, एक आमच्या मेसला, अख्खी, गरम, त्याच वेळेला. ते हसले, बोलले लेबरला टर्की काय कळणार. मी बोललो, चौदा वर्षं हाडं कळली, आता मांस कळू दे. ते ठीक है बोलले, पण माझ्याकडं न बघता बोलले.

मंग मी कामाला लागलो. तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवून बर्फ सुटू दिला, एक दिवस मिठाच्या पाण्यात बुडवल्या, लसूण, मिरी, लिंबू टाकून, पाणी स्वतः चाखून. बाहेर काढल्या, कोरड्या पुसल्या, कातडीखाली हात घालून लोणी आणि ओवा चोळला. भांबुर्डा इथं कुठला, कोबीची पानं अंथरली, त्यावर टर्क्या पालथ्या, छाती खाली, पाठ वर, वरून परत पानं आणि फॉइल गच्च. पाठीची चरबी वितळून छातीत उतरते, म्हणून छाती कोरडी पडत नाय. साधी गोष्ट आहे.

दोन तास झाले आणि सक्सेनासाहेब आले, ओव्हनचं दार उघडायला लागले. मी मधे उभा राहिलो. बोलले उलटी क्यों रखी है, फोटो निकलेगा, सीधी करो. मी बोललो शेवटच्या अर्ध्या तासात सरळ करतो, लाल करतो, आता हात लावायचा नाय. मंग खरं ते बाहेर आलं, बोलले पाहुणे वाढलेत, पाचवी पण इकडंच लागेल, तुमच्या लोकांना उद्या देऊ ना. उद्या म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी ॲप्रन सोडला, त्यांच्या हातात दिला, बोललो मंग कधी सरळ करायच्या ते तुम्हीच बघा. ते तापले, कफीलला सांगतो, इकामा रद्द, फायनल एक्झिट. कफील म्हणजे इथला मालक, इकामा म्हणजे राहायचा परवाना, तो गेला की कायमचं घरी. मी बोललो लावा एक्झिट, खलास, पेणला पण चुली आहेत. खोटं कशाला बोलू, पोरी आठवल्या, घरी दोन शिकतायत. पण ॲप्रन मी परत मागितला नाय. त्यांनी घड्याळ बघितलं, ओव्हन बघितला, ॲप्रन टेबलावर टाकला आणि बोलले, ले जा अपनी पाचवी.

शेवटी सरळ केल्या, लाल केल्या, अर्धा तास झाकून ठेवल्या, कापायची घाई केली नाय, बाप आठवला. दर वर्षी ऑफिसरांकडं कोरडं मांस गिळायला ग्रेव्ही कमी पडायची, यंदा ग्रेव्हीची भांडी भरलेली परत आली. पाचवी मी स्वतः पिकअपमध्ये मांडीवर घेऊन गेलो. एकेकाला घासभर आली, पण गरम. चिपळूणचा एक फिटर बोलला, हिराजी, रस्सा नाय काय रे? बोललो आज नाय, आज साहेब खातो तसं खायचं.

यंदा पण सांगून टाकलंय, पाच. सक्सेनासाहेब आता हिराजीभाई बोलतात, रस्सावाले नाय बोलत. देव त्यांना सुखी ठेवो, माझं काय वैर नाय. गेल्या वर्षी सुद्धा मी त्यांना विसरलो नाय. आमच्या टर्कीची हाडं उरली, दुसऱ्या दिवशी मी त्या हाडांचं छान सूप केलं, मिरी टाकून, आणि त्यांच्याच त्या पातेल्यात भरून ऑफिसर मेसला पाठवलं.