श्चेपान्स्की साहेबांचं आडनाव

श्चेपान्स्की साहेबांचं तुम्हाला सांगितलं नाही वाटतं. पोलंडचे, माझ्या मुलीचे, वैशालीचे पुण्यातले साहेब. एका रविवारी ते आमच्याकडे कोरेगावला जेवायला येणार होते. वैशालीनं फोनवर बजावलं, "बाबा, त्यांचं आडनाव चुकू नका. अचूक येईपर्यंत ते सुधारत बसतात. आणि माझी बढती त्यांच्याच हातात आहे."

मी आठ दिवस रोज सकाळी डायरीत ते आडनाव लिहून दहा-दहा वेळा मोठ्यानं म्हटलं.

रविवारी साहेब वैशालीबरोबर दारात आले. मी तोंड उघडणार तोच आमचे थोरले बंधू, आण्णा, पुढे झाले. "या पाव्हणं, या." मग सगळ्या घरानं तेच धरलं. पाव्हणं, भाकरी घ्या. पाव्हणं, लाजू नका.

मी आण्णांना बाजूला घेतलं. "आण्णा, त्यांना आडनाव हाय."

"असंल की. पाव्हण्याला कुणी आडनावानं हाक मारतं व्हय?"

साहेब निघाले तेव्हा मी संधी साधली. हात जोडले आणि सावकाश, एकही अक्षर न चुकता म्हणालो, "पुन्हा या, श्चेपान्स्की साहेब."

साहेब थांबले. वैशालीचा चेहरा उतरला. साहेबांनी छातीवर हात ठेवला आणि मला सुधारलं.

"पाव्हणं."