कोरडं गवत

— नाही, उठायचं नाही जावईबापू, पाय इकडे द्या. बुटाच्या टाचेचे शेवटचे टाके मी पायावरच घालते. रेनडिअरच्या पायांचं कातडं आहे हे, चार जनावरं लागली, वाया घालवायला नाही आणलेलं. उद्या खारींच्या शिकारीला निघायचंय ना, पंधरा दिवस? मग बसा. या थंडीत बंदूक हरवली तरी माणूस घरी येतो, पाय गेले की संपलं. आमचे हे नाही का — तुमच्या उल्यानाचे वडील, प्रोकोपी — ओढ्यावरचा बर्फ फुटला, बूट भिजले, तिसऱ्या दिवशी गुडघ्यांवर रांगत आले. सगळ्या तंबूंना ठाऊक आहे. बोटं काळी पडलेली. पाय ओंडक्यावर ठेवला नि मीच कुऱ्हाड चालवली, दुसरं कोण चालवणार? डावी पाच, उजवी तीन. ओरडले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. आठव्या दिवशी गेले.

नेम मोठा पक्का हो त्यांचा, अगदी तुमच्यासारखा — जनावरावरही नि माझ्यावरही. हा दात बघा, बंदुकीच्या दस्त्यानं गेला. हे बोट लोखंडी चुलीच्या दारात धरलं होतं त्यांनी. उल्यानाचा ओठ कशानं फुटला म्हणालात? सरपण लागलं? लागतं हो. मलाही आठ वर्षं सरपणच लागायचं.

हलू नका, सुई आहे.

आता तळाला गवत — दलदलीतलं, बडवून मऊ केलेलं. ते बायकोनंच भरायचं, पुरुषानं हात लावला की शिकार रुसते. म्हणून कुणी चाचपूनसुद्धा बघत नाही. आणि बघून कळतंय थोडंच? वर कोरडा थर, खाली जरा पाणी शिंपडलेलं, चुलीवर तापवलं की पायाला ऊबच लागते — दुपारपर्यंत. मग गोठतं. ओढा कसला फुटतोय, त्या आठवड्यात ओढे तळापर्यंत गोठले होते —

...

काय बघताय? उल्याना तेव्हा सहा वर्षांची. माझ्या शेजारी बसून गवत बडवत होती, पाण्याचं भांडं तिनंच धरलं होतं. आजवर त्यावर एक शब्द बोललेली नाही पोरगी.

झालं. छान बसले बूट. गवत? मी कसं देणार, ते तुमची बायको भरेल. जा आता, वाट बघत असेल ती.