एका मागावर दोघं बसतात तेव्हा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या साडी कारखान्याचे ज्येष्ठ भागीदार आदरणीय मार्तंडराव देवघरे साहेब, काटोलहून खास वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या प्राध्यापिका सुरुचीताई, सत्कारमूर्ती सौ. प्रेमलताताई पराते, त्यांचे कुटुंबीय, काठ आणि पदर या दोन्ही डिझाइन विभागांतील मंडळी, मागावरचे माझे सहकारी, आणि त्या खांबाला टेकून मी किती वेळ खातो ते घड्याळात बघत असलेले कॅन्टीनचे लहानूभाऊ, आपणा सर्वांना या बाबनराव दुरुगकरचा नमस्कार.

मघाशी निवेदिकेने माझी ओळख 'यशस्वी उद्योजक' अशी करून दिली. मी बुटीबोरीत आलो तो मागांना तेल घालायला. शिक्षण नववी. भांडवल म्हणाल तर दोन कान. शंभर माग एकदम चालू असताना कोणता खोटा बोलतो ते मी दारातून सांगायचो, अजूनही सांगतो. ते कान आज सकाळीही कामी आले. पण ते पुढे.

प्रेमलताताई बावीस वर्षांपूर्वी उमरेडहून आल्या. त्यांचे वडील दादाजी हातमागावर बसायचे. मुलगी संगणकावर बसली, आणि आपली चार हजार डिझाइन पेनड्राइव्हमध्ये, खिशात, एकदा तर डब्यातल्या पोळीखाली फिरत होती, ती त्यांनी एका जागी आणली. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी तो काळा स्टोरेज बॉक्स बसवून घेतला. मी विचारलं, हा करतो काय? त्या म्हणाल्या, डिस्क राहते या खोलीत, पण केबलवरून दुसऱ्या इमारतीतल्या मशीनला, म्हणजे संगणकाला, वाटतं की ती आपल्याच पोटात आहे. मला गंमत वाटली. मग त्यांनी त्याच्यासाठी वेगळी केबल आणि वेगळा स्विच मागितला. मी म्हटलं, आहे त्याच केबलवरून जाऊ द्या की. तर म्हणतात, "साहेब, वरात आणि ॲम्ब्युलन्स एकाच गल्लीतून काहून काढता?" मालकाने खरेदीच्या कागदावर सही केली. केबल आली.

त्या बॉक्सवर डिस्कचे दोन भाग केले होते. एक काठवाल्यांच्या मशीनला, एक पदरवाल्यांच्या. माझ्या डोक्यात आलं, दोन कशाला? एकच मोठा भाग दोन्ही मशीनना जोडा, सगळ्यांना सगळं दिसेल. दोनदा सांगितलं, दोनदा नकार. ताई म्हणाल्या, नुसता फोल्डर वाटून दिला तर मध्ये एक राखणदार मशीन असते, ती सगळ्यांना रांगेत लावते. अख्खी डिस्कच दोघांना दिली तर मध्ये कोणीच नाही. दोघांनाही वाटतं, घर माझं एकट्याचं. मग त्यांनी दादाजींचं उदाहरण दिलं. जास्त पन्ह्याच्या, म्हणजे रुंद कापडाच्या हातमागावर दोन विणकर शेजारी बसायचे, एकाने सुताचा धोटा फेकायचा, दुसऱ्याने झेलायचा. पण फेकण्याआधी आवाज द्यायचा. "आवाज न देता फेकला तं सूत बी तुटते अन् बोट बी. या मशीनले अजून आवाज देणं शिकवलं नाही, साहेब. थोडं थांबा."

मी थांबलो का?

मंडळी, सहा वर्षांपूर्वी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. ताई भाचीच्या लग्नाला उमरेडला गेल्या, इकडे दोन्ही मशीन एकाच डिस्कवर लिहायला लागल्या, काठवाल्यांनी ठेवलेलं पदरवाल्यांना दिसेना, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डिझाइन उघडलं की मोराच्या जागी नुसत्या रेघा. ऐन लग्नसराई. ताई हळद सोडून पहिल्या बसने आल्या. दर शनिवारी त्या एक नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून लोखंडी कपाटात ठेवत, तिच्यावरून त्यांनी तीन दिवसांत सगळं उभं केलं. नऊ डिझाइन गेली, ती पुन्हा काढली. पण जोडणी चुकीची झाली कशी, हा प्रश्न बैठकीत आला. ताई उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "दार माझं आहे. कुलूप मी नीट लावलं असतं तं कोणी आत गेलं नसतं."

त्यांना लेखी ताकीद मिळाली. विभागप्रमुखपदाची बढती रोखली गेली, ती पुढे वर्षभराने मिळाली. बैठकीत मी मार्तंडरावांच्या उजव्या हाताला बसलो होतो आणि खिडकीबाहेर बघत होतो.

कारण ती जोडणी मी केली होती.

ताईंच्या टेबलाच्या खणात वही होती, वहीत पासवर्ड. मी त्यांच्या खुर्चीत बसलो, कोणत्या डिस्कवर कोणत्या मशीनला प्रवेश आहे त्या यादीत दुसरं नाव घातलं, दोन्हीकडे डिस्क दिसली. मी इतका खूश झालो की कारण न सांगता सर्वांना संत्राबर्फी वाटली. आठवते? तुम्ही खाल्ली आहे, त्यामुळे थोडे भागीदार तुम्हीही.

हसा, हसा. पण सहा वर्षं मी हे बोललो नाही. तेल घालणारा माणूस मालक झाला की त्याला चुकायची फार भीती वाटते. आज एक कागद खिशात घालून आलो होतो. तो बाहेर निघेल याची खात्री मात्र मलाही नव्हती.

आता कानांची गोष्ट. सकाळी हार कुठवर आले ते बघायला कॅन्टीनकडे गेलो, तर आतून लहानूभाऊ बोलून राहिले होते, "नाही सांगत वं ताई, सायेब. सहा वर्षं झाले, पचलं त्यायले." आणि प्रेमलताताई म्हणाल्या, "सांगतीन. त्या डिस्कचं नाव काढलं का अजून कान लाल होते त्यायचे. लाव पैज, तर्री-पोह्याची प्लेट."

म्हणजे दोघांनाही सगळं ठाऊक होतं. लहानूभाऊंना माहीत असणारच, त्या दिवशी त्या खुर्चीवर मला चहा त्यांनीच आणून दिला होता. ताईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं, कारण तो बॉक्स कोण कधी आत आलं ते सगळं लिहून ठेवतो, आणि त्या लग्नात असताना त्यांच्याच पासवर्डने शिरून त्यांनी दोनदा नाकारलेलं काम करणारा दुसरा कोण असणार? दोघांनी सहा वर्षं ब्र काढला नाही. ताईंनी फक्त दोन गोष्टी केल्या. दोन्ही मशीनना एकमेकींना आवाज देऊन लिहायची व्यवस्था बसवली, त्यामुळे आज काठ आणि पदर खरोखर एका डिस्कवर काम करतात. आणि दुसरी, त्या यादीच्या पानावर या कारखान्याच्या मालकाला कायमची प्रवेशबंदी केली. मला वाटायचं, पासवर्ड मीच चुकीचा टाकतो आहे.

तर हा तो कागद. 'बाबनराव लक्ष्मणराव दुरुगकर यांनी स्पष्ट नकार असताना सामायिक डिस्कची जोडणी परस्पर बदलून चार हजार डिझाइन धोक्यात घातली, याबद्दल त्यांना सक्त ताकीद देण्यात येत आहे. याच कारणासाठी सौ. प्रेमलता पराते यांना दिलेली ताकीद रद्द करण्यात येत असून त्यांची बढती मूळ तारखेपासून धरावी.' अध्यक्ष महोदय, तेव्हाच्या ताकिदीवर सही आपली होती. याच्यावरही आपलीच हवी. खिसे चाचपू नका, पेन मी आणला आहे.

झाली सही. ताई, हा कागद तुमचा. शालीपेक्षा हलका आहे, पण उशीर माझा आहे, कागदाचा नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, सुरुचीताई एवढ्या लांबून आल्या, अध्यक्षांनी न रागावता सही केली, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर आपण मोठ्या मनाने पोटात घालावा. सहा वर्षांची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ती प्रेमलताताईंकडे मागतो, आणि त्यांनी ती द्यायची घाई करू नये.

लहानूभाऊ, तुम्ही हरलात. ताईंची प्लेट काढा, तर्री भरपूर टाका. ताईंची हरकत नसेल तर तिच्यात एक चमचा माझाही ठेवा. या खेपेला हात घालण्याआधी मी आवाज देईन.

नमस्कार.