४२ नंबर लॉटची भाकरी

जुना जालना, दि. २७ सप्टेंबर २०२५, दुपारी १२.१० वा.

माझे नाव गुलाम नबी अमीर शेख, वय ५८ वर्षे, धंदा किराणा दुकान, रा. जुना जालना. मला कोणी बोलावले नाही. मी आपण होऊन ठाण्यात आलो असून हवालदार भारत यांच्यासमोर सांगतो तो मजकूर खालीलप्रमाणे. बोललो तसाच लिहावा, त्याला इस्त्री करू नये, अशी विनंती आहे.

दुकान वडिलांच्या वेळचं, गल्लीच्या तोंडाशी. नवरात्राआधी भगरीची पोती यायची. माझी आई लालबी आन गल्लीतल्या बाया दुकानासमोर सुपं घेऊन निवडायला बसायच्या. उषाबाई डोईफोडे तेव्हा गल्लीत नवी नवरी होती, मी सात-आठ वर्षांचा. ती माझ्या डोक्यावर मूठभर कोंडा उडवायची आन आई तिला खोटं खोटं रागवायची. मी तिला तेव्हापासून भाभी म्हणतो. काय दिवस होते साहेब ते!

आईचा एक कायदा होता. दर पोत्यातली शेरभर भगर घरच्या जात्यावर दळायची, भाकरी करायची, ती आम्ही सगळ्यांनी खायची, एक दिवस जाऊ द्यायचा, मंगच पोतं विकायला काढायचं. नवरात्राचा उपास आमच्या घरात न्हाई, पण उपासाची पहिली भाकरी आमच्याच घरी. गिऱ्हाईक बाई मालाच्या भावाच्याबी आधी विचारायची, "लालबी, खाल्ली का?" आई म्हणायची, "खाल्ली, आन जिती हाये!" आन सगळ्या हसायच्या. शेंगदाण्याच्या आमटीसंगं ती गरम भाकरी मला अजून आठवते. आई जाऊन अकरा वर्षं झाली. चार वर्षांपासून आम्ही कंपनीचं भगरीचं सीलबंद पीठच ठेवतो. जातं माळ्यावर आहे.

दि. २० रोजी कंपनीचा माणूस मिथुन आला. ४१ नंबर लॉटचे सगळे पुडे त्यानं परत नेले आन एक पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की फक्त त्याच लॉटमध्ये दोष आढळला, बाकी माल प्रयोगशाळेत तपासलेला व पूर्ण सुरक्षित आहे. मी विचारलं, तपासल्याचा कागद कुठंय? तो म्हणाला, "चाचा, एवढी मोठी कंपनी खोटं बोलन का?"  मी पत्र दुकानात डकवलं आन ४२ नंबर लॉट विकायला लागलो.

दि. २२ रोजी, घटस्थापनेला, सकाळी आठच्या सुमारास उषाभाभी पिठाचा पुडा घ्यायला आल्ती. दुकानात गर्दी होती. पुडा हातात धरून तिनं विचारलं, "गुलाम, खाल्ली का रे?" मी तिच्याकडं न पाहता म्हणालो, "खाल्ली, भाभी."

मी खाल्ली नव्हती. आई गेल्यापासून आमच्या घरी ती भाकरी झालीच न्हाई.

त्याच संध्याकाळी भाभीला आन तिची सून अर्पिता हिला चक्कर, उलट्या, हातपाय थरथरणं सुरू झालं. अर्पिता घरी आली. भाभी आज सहाव्या दिवशीबी दवाखान्यातच आहे.

तिनं दि. २४ च्या जबाबात लिहून दिलं की, "पीठ गुलामच्या घरी आधी खाल्लेलं होतं, ते खराब नसंल. माझ्याच हातानं काही चुकलं असंल." ते अर्पिताकडून ऐकून मला दुकानात बसवेना. कंपनीनं काल नवीन पत्र काढलं. त्यात म्हणलंय की, रुग्णानेच स्वयंपाकातील चूक मान्य केली असून ४२ नंबर लॉट सुरक्षित आहे. जबाबातली गोष्ट कंपनीला कशी कळली ते मला माहीत न्हाई. अजून पाच दिवस उपास आहेत आन तोच माल बदनापूर, अंबडला विकला जातोय.

काल दुपारी मिथुन ते पत्र घेऊन आला. मी त्याला घरात नेऊन बसवलं. माझी बायको अलमास हिनं ४२ नंबरच्या पिठाची एक भाकरी केली. मी ताट त्याच्यापुढं सरकवलं. म्हणालो, "पत्र वाचलं मी. आता खा." तो भाकरीकडं पाहत राह्यला. मंग म्हणाला, "चाचा, माझा उपास न्हाई."

मी म्हणालो, "बेटा, आमच्या घरी तर कधीच नव्हता."

तो उठून गेला. त्यानं तुकडा मोडला असता तर मी त्याचा हात धरला असता. त्याला नोकरी आहे, लेकरं आहेत, त्याच्यावर माझा राग न्हाई.

ती भाकरी डब्यात घालून आणली आहे. सोबत त्याच लॉटचे सहा सीलबंद पुडे आहेत. तपासणीला पाठवावेत आन तोवर विक्री थांबवावी. भाभीच्या हातानं काही चुकलं न्हाई, हे तिला आजच कळवावं. मला जायचं तोंड न्हाई.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. आईबद्दलचं तपासाच्या कामाचं नाही, काढू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. "मी खाल्ली नव्हती" ही ओळ मी दोनदा वाचून घेतली. ती बराबर आहे.