काका, हळू बोला

आमच्या भिवंडीच्या काकांचं सांगतो. आणीबाणीच्या सुमाराची गोष्ट. शेडमध्ये त्यांचे कापड विणायचे लूम मस्त चालले होते. पण शेजाऱ्यानं सोड्याचा कारखाना काढला, म्हणून काकांनी दोन लूम विकून सोड्याचं मशीन आणलं. सोडा खपेना, तर शेडमध्येच कोंबड्या पाळल्या. उरलेल्या लूमच्या खडखडाटात कोंबड्या अंडी देईनात, म्हणून या बाबानं तेही लूम विकले! कारागीर गेले, पुढे कोंबड्याही रोगानं मेल्या.

भेटायला गेलो, तर शेडमध्ये एकटेच बसलेले. लूमवाल्यांच्या सवयीनं ओरडले, "चहा घेनार काय रं?"

"काका, समोरच बसलोय. आता लूम कुठे आहेत? हळू बोला की."

"हळू बोललो," ते तसेच ओरडले, "तर इथं कुनी न्हाय ते ऐकू येतं रं!"