एका आठवड्याच्या दरात दोन आठवडे

…नाही, तुम्हीच सांगा, चार लोकांत उठबस असलेली माणसं आहात तुम्ही, गुडघा दुखतो म्हणून वैद्याकडे गेलेल्या माणसाला "राग कधी येतो?" असं कुणी विचारतं का हो? मला विचारलं! कुंजन वैद्यरांनी! गुडघ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नाडी धरली, डोळे मिटले आणि आपले विचारत बसले… झोप कशी लागते, स्वप्नं कसली पडतात, जेवताना बोलता का, आंबट आवडतं की तिखट, लहानपणी कुणाला घाबरायचात… मी म्हटलं, वैद्यर, हा उजवा गुडघा. हा. इथे. तर म्हणतात कसे, "गुडघा एकटाच आलाय का, वेलायुधन? मागोमाग बाकीचा माणूसही आलाय ना? मग त्याचीही विचारपूस नको का करायला?" अहो, मी फक्त गुडघ्यासाठी गेलो होतो!

तुम्हाला सांगतो, ओट्टपालमच्या बाजारात केळ्याचे वेफर म्हटलं की लोक माझ्या दुकानाकडे बोट दाखवतात. शाळा अर्धी सोडली, पण नेंद्रन केळ्याला नुसतं नख लावून सांगतो, घड कुठल्या वाडीतला आणि विकणारा किती खोटं बोलतोय ते. आणि कढई! कढईचं म्हणाल तर मी डोळ्यांनी बघतच नाही, कानांनी ऐकतो. काप तेलात पडले की आधी कढई भांडते, हळद-मिठाचं पाणी शिंपडलं की खवळते, मग कुरकुरते, आणि मग… मग कुजबुजायला लागते. कुजबुजली की काढायचं! क्षणभर उशीर झाला की करपलं. म्हणून मी दिवसभर कढईशेजारी उभा राहून ओरडत असतो, "काढ! काढ रे!" तळणाऱ्यांवर ओरडतो, सोलणाऱ्यांवर ओरडतो, चव बघायच्या नावाखाली ओंजळ भरणाऱ्या गिऱ्हाइकांवर ओरडतो. धंदा आहे बाबा, देऊळ नाही. आता इतकं उभं राहिलं तर गुडघा दुखणारच की! बायको म्हणाली, "अहो, ऐन पावसाचा कर्कटक महिना आहे, लग्नं नाहीत, कार्यं नाहीत, दुकानात माशा मारताय. सगळं जग या महिन्यात अंगाला तेल लावून घेतं. जाऊन या." आमची तंकमणी कमी बोलते, पण बोलली की ते झालंच म्हणून समजा.

पण मी म्हटलं, यंदा ओणम लवकर आहे. कर्कटक संपला की आलाच! आणि ओणमच्या त्या आठ-दहा दिवसांत आमची अख्ख्या वर्षाची विक्री. तेव्हा मालक कढईपाशी नसला तर दुकान उरेल का? तरी हिशोब केला… आठवडाभर उपचार, मग हात झटकून परत. वैद्यरही म्हणाले, "आठवडा पुरे." आणि इथे… इथे माझ्यातला व्यापारी जागा झाला! अहो, समोरच्यानं भाव सांगितला आणि मी तो मुकाट्यानं घेतला असं आजवर झालेलं नाही. मी म्हटलं, "वैद्यर, ओळखीचा माणूस आहे, एका आठवड्याच्या दरात दोन आठवडे द्या." वैद्यरांनी वहीत दोन आठवडे लिहून टाकले. म्हणाले, "पुढचं सगळं पाळाल?" मी म्हटलं, पाळतो की! पुढचं म्हणजे काय ते विचारलंय कोण! सौदा पटल्यावर माणसाला ऐकू येतं का? घरी येऊन तंकमणीला म्हटलं, "बघ! दुप्पट माल, तेवढ्याच पैशात!" ती नुसती हसली. मला वाटलं, कौतुकानं हसली.

तर उपचार. मुक्काम वैद्यरांकडेच. पहाटे पौलोस यायचा. पौलोस म्हणजे मालिश करणारा, हाताचे पंजे असे की एकेका पंजात एकेक फणस मावेल. मला लाकडाच्या लांबलचक द्रोणीत आडवं केलं आणि कोमट तेलाच्या धारा सोडल्या की हो! तेल असं वाहतंय, असं वाहतंय… मी म्हटलं, "अरे पौलोस, एवढ्या तेलात माझे चार घाणे निघाले असते!" पौलोस म्हणतो, "वेलायुधेट्टा, अहो दादा, समजा आज तुम्हीच केळं." औषधी पाल्याच्या गरम पुरचुंड्यांनी खांद्यापासून घोट्यापर्यंत शेकलं. सकाळी काढा, इतका कडू की तो पिऊन माझे सगळे शत्रू आठवले. मग औषधी पेज. दुपारी पेज. रात्री काय असेल? ओळखा! मासे नाहीत, तळलेलं नाही, आणि मी, मी तळलेल्याचा व्यापारी! पौलोसला विचारलं, गुडघ्याचं कधी? तो म्हणाला, "पोट सुधारल्याशिवाय सांधा ऐकत नाही." अहो, मी फक्त गुडघ्यासाठी गेलो होतो!

आणि संध्याकाळी योग. शिकवायला कोण? भार्गवी टीचर! जिच्या वर्गातून मी शाळा सोडून पळालो होतो तीच. निवृत्त झाली, पण आवाज तोच. "वेलायुधा, श्वास आत घे. आत, अरे आत! केळी तोलतोयस का पोट फुगवून? सोड आता. हळू सोड. त्याला काय गिऱ्हाईक आलंय?" शवासनात म्हणाली, "अंग सैल सोड. मुठी उघड." मी म्हटलं, टीचर, मुठी उघड्या ठेवून कुणाचा धंदा चाललाय का? बाकीची मंडळी हसली, तर मलाच ओरडा… "मेलेली माणसं बोलत नाहीत, वेलायुधा!"

थट्टा जाऊ द्या, पण एक सांगतो, खोटं कशाला बोलू… एके दिवशी कपाळावर तेलाची ती संथ धार सोडली होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि मधेच माझ्या ध्यानात आलं की बराच वेळ मी केळ्यांचा विचार केलेलाच नाही. घाबरलो हो! म्हटलं, केळी गेली तर डोक्यात मागे काय उरलं? काहीच नव्हतं. बाहेर नारळीवर पाऊस पडत होता तेवढाच. बरं वाटलं… कुणाला सांगू नका.

आणि गुडघा? तो तर मधल्या मधेच बरा झाला. कुणी दखलसुद्धा घेतली नाही.

मग निघायचा दिवस. मी मुंडू कंबरेला घट्ट खोचलं, म्हटलं, येतो वैद्यर, ओणमची केळी यायला लागली असतील. वैद्यर म्हणाले, "केळी येऊ देत. तुम्ही घरी जाऊन खोलीत बसायचं. जितके दिवस उपचार, तितकेच दिवस पुढे पथ्य. ऊन नाही, वारा नाही, दुपारची झोप नाही, तळणीचा धूर नाही, मोठ्यानं बोलणं नाही, रागावणं तर नाहीच नाही." मी म्हटलं, मग करायचं काय? "बरं व्हायचं," म्हणाले. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला… दोन आठवडे उपचार, म्हणजे दोन आठवडे पथ्य! म्हणजे अख्खा ओणम! मी मागून घेतलं होतं ते! तोंड वर करून, घासाघीस करून! म्हटलं, वैद्यर, एक आठवडा परत घ्या. विनवलं. फक्त पाया पडायचं राहिलं, तेही वाकायची मनाई म्हणून. वैद्यर म्हणाले, "पथ्यातून अर्धा दिवसही कमी करता येत नाही. शास्त्र आहे."

आमचं घर दुकानाच्या मागेच. मला मागच्या खोलीत बसवलं, खिडकी बंद… वारा! पण आवाजाला कोण अडवणार? पलीकडे अंगणात कढई चढली. कढई भांडली, खवळली, कुरकुरली… आता कुजबुजणार! ओरडायला तोंड उघडलं तर तंकमणी दारात. "पथ्य," म्हणाली. एवढंच! मी विचार केला, वैद्यरांनी ओरडायला बंदी केलीय, वाजवायला नाही. पितळी पेला उचलला, कढई कुजबुजली की भिंतीवर ठण्ण! म्हणजे काढा! तर काय झालं सांगू? अंगणातून आवाज आला, "मालकांना भूक लागली!" आणि औषधी पेजेची वाटी हजर! दुसरा घाणा, ठण्ण… दुसरी वाटी! तिसरा घाणा… अहो, दुपारपर्यंत आमच्या नदीला कधी आला नसेल एवढा पूर माझ्या पोटात! बरं, टाकायची सोय नाही, तंकमणी समोर उभी राहून पाजते. अहो, मी फक्त गुडघ्यासाठी गेलो होतो!

शेवटी पेला ठेवला आणि नुसता ऐकत बसलो. आणि ऐकतो तर… कढई कुजबुजली, आणि लगेच झाऱ्याचा आवाज. पुन्हा कुजबुजली, पुन्हा झारा. अगदी वेळेवर! कुणीही ओरडत नव्हतं! मग कान दुकानाकडे लावला. एरवी तिथे माझा आवाज असतो, "हात लावू नका! घ्यायचं तर घ्या!" आता तिथे तंकमणी म्हणत होती, "चाखून बघा की. आवडलं नाही तर नका घेऊ." आणि बायका हसत होत्या. माझ्या दुकानात! मी आठवून आठवून पाहिलं, माझ्या दुकानात कुणी शेवटचं कधी हसलं होतं… आठवेना. मोठ्यानं खोकावंसं वाटलं, पण श्वास आत घेतला. अरे, आत! घेतला, हळू सोडला. काय करणार, दुसरा इलाजच नव्हता.

असा गेला ओणम. काल माझं पथ्य सुटलं. न्हाऊन, नवं मुंडू नेसून ऐटीत दुकानात आलो. पाहतो तर ओणमचा माल सगळा खपलेला, फळ्या रिकाम्या, कढई घासून पालथी घातलेली, तेलाचा एक डबा शिल्लक नाही. कोपऱ्यावरच्या छत्रीवाल्या सेदूनं मिठीच मारली, "वेलायुधेट्टा, काय तब्येत सुधारलीय हो बाजाराची!" म्हटलं, माझी म्हणायचंय का? "तेच ते," म्हणाला. एक बाई पिशवी घेऊन आली, मला बघून पायरीवरच थबकली. "तंकमणीचेची नाहीत का? बरं, मग मी नंतर येते." नंतर येते! माझ्या दुकानात, माझ्या तोंडावर!

मी तंकमणीला म्हटलं, काही का असेना, आता मालक आलाय. उद्यापासून मी कढईपाशी. तिनं फोन उचलला, वैद्यरांना लावला. मी कान देऊन ऐकत होतो. "हो वैद्यर, गुडघा उत्तम. पोट उत्तम. झोप उत्तम. एवढंच विचारायचं होतं… पथ्य वाढवता येतं का?"

आणि तिकडून वैद्यर काय म्हणाले असतील? "कमी करता येत नाही. वाढवायला शास्त्राची काहीच हरकत नाही."

विशूपर्यंत वाढवलंय, म्हणजे पार पुढच्या एप्रिलातल्या आमच्या नववर्षापर्यंत! म्हणून तर मंडळी, दम न घेता एवढं बोलून घेतोय… उद्या सकाळपासून सुरू.