नोव्हायची मराठी

सन्माननीय अध्यक्ष अरुणकाका, व्यासपीठावरचे मान्यवर, आजच्या उत्सवमूर्ती संध्याताई आणि मिशिगनच्या एवढ्या बर्फातून गाड्या काढून आलेल्या माझ्या मंडळींनो, दीपाचा सर्वांना नमस्कार.

संध्याताई मेलबर्नला परत निघाल्या. आपल्या नोव्हाय गावच्या मंडळाचा लोकल केबल टीव्हीवरचा कार्यक्रम त्यांनी उभा केला, हे सगळे जाणतात. मी माझ्या घरातलं सांगते.

२००३च्या गणपतीत माझी रुचा स्टेजवर गायली. तिचा अमेरिकन ‘र’ ऐकून हॉलमध्ये हशा पिकला. गाडीत ती एवढंच म्हणाली, “आय ॲम डन, आई.” खरंच थांबली हो! बाथरूममधलं गुणगुणणंसुद्धा बंद. आईच्या जिवाचं काय होतं, सांगू?

संध्याताई घरी आल्या. मेलबर्नला त्या टीव्हीवरच्या एका संगीत कार्यक्रमाचं साउंड सांभाळायच्या. रुचाजवळ बसून म्हणाल्या, “आमच्याकडचे गायक बोलायचे ऑस्ट्रेलियन, पण माइक हातात आला की अमेरिकन! टीव्हीवर निम्मंअधिक बाहेरचंच. आपला हेल गावंढळ, असं त्यांनाच वाटायचं. मग एक मुलगी आली. आपल्या हेलात, आपल्या उपनगराचं नाव घेऊन गायली. निर्माते म्हणाले, ‘जरा नीट गा.’ ती म्हणाली, ‘हेच नीट आहे.’ गाणं लागलं आणि आमचे फोन थांबेनात. एक म्हातारे गृहस्थ तर रडत होते. म्हणाले, टीव्हीवर आज माझा देश ऐकला.”

रुचा म्हणाली, “बट दॅट्स ऑस्ट्रेलिया, मावशी.”

“बरं. मग तू कुठली?”

रुचा उठून तिच्या खोलीत गेली. पण त्या आठवड्यात तिने स्वतः एक गाणं लिहिलं. मराठीत! ड्राइव्हवेतला बर्फ उपसताना बाबा कसे चिडतात, त्याचं.

संध्याताईंनी ते आपल्या केबलवरच्या कार्यक्रमात घेतलं, तेव्हा आमचे कार्यक्रमप्रमुख त्र्यंबकराव म्हणाले, “उच्चार पाहा. टीव्हीवर आपलं हसं होईल.” रागावू नका हं, त्र्यंबकराव, तुम्हाला आपल्या भाषेचीच काळजी होती. संध्याताई म्हणाल्या, “हे गाणं काढायचं असेल, तर माझं नावही काढा.” त्यावर तुम्ही “होऊ द्या” म्हणालात. त्याबद्दल तुमचेही आभार.

गाणं लागलं. नंतर इथल्याच, शेजारच्या कॅंटन गावाहून एका मुलीचा फोन आला, “इज शी फ्रॉम हिअर? शी साउंड्स लाइक मी!” रुचा तिच्याशी किती तरी वेळ बोलत बसली.

सीडी नागपूरला सासूबाईंकडे पाठवली. मी धास्तावले होते. त्या फोनवर म्हणाल्या, “कशी छान गाऊन राहिली पोट्टी! आमच्या बोलण्याला पुण्यात हसतात, म्हणून आम्ही बोलणं सोडलं का? पुण्याची मराठी असते, नागपूरची असते. ही नोव्हायची.”

संध्याताई, माझ्या लेकीचा आवाज तुम्ही परत आणलात. तुमच्या ऋणात राहायला मला आवडेल. अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात इंग्रजी फार आलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर आपल्याच गावचं माणूस म्हणून पोटात घाला.